बिनइंधनाचं यान आणि निळी कात्री

"थांबायला इंधन लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला, जावईबापू? उतारावरनं सुटलेली हातगाडी कधी बघितलीत का? ती काय पेट्रोल ओतून थांबवतात?"

"आई, हातगाडीला खाली रस्ता असतो. रस्त्याला घासून थांबते ती. वर आभाळात काय घासणार?"

"हवा."

"हवा!" जावई हसला. हसला म्हणजे त्यानं नाकातून थोडा वारा सोडला. पूर्ण हसायचाही त्याला कंटाळा असे. "टाकी रिकामी आहे. तुमचं यान घरच्या ग्रहाजवळनं सुसाट जाणार, आणि पलीकडं कायमचं बेपत्ता. संपलं. खेळ पहिल्यापासून सुरू करा."

"सारखं पहिल्यापासून सुरू करायला ती काय तुमची नोकरी आहे?"

लेक म्हणाली, "आई!" आणि बाहेरच्या बाकावरून सासरा खुसखुसला. जावई हातातली मोजायची टेप उगाच उघडून मिटू लागला. ती टेप त्यानं का आणली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. रविवार होता, आणि गुरुवारी दुकानाचा निकाल लागायचा होता.

या बाईला सगळा बाजार धारवाली म्हणतो. खरं नाव तिच्या ओळखपत्रावर आहे आणि ओळखपत्र पेटीच्या तळाशी. दुकान एवढं की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं. एका अंगाला मोटारीवर फिरणारं सहाणेचं चाक, चाकाखाली पाण्याचा डबा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या, सुऱ्या, वस्तरे, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. दुसऱ्या अंगाला स्टुलावर संगणक. दारात बाक. बाकावर नवरा.

नवऱ्याला बाजार निळू म्हणतो. ते नाव आईबापांनी ठेवलेलं नाही, चाकानं ठेवलंय. धंद्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पोलादाचं पातं चाकाला लावलं की तापतं. जरासं तापलं आणि पाण्यात बुडवलं तर काही बिघडत नाही. पण दाबून धरलं, धरूनच ठेवलं, तर काठावर आधी गव्हाळ रंग चढतो, मग तांबूस, आणि मग निळा. निळा आला की पात्याचं पाणी गेलं. वरून ते लखलखीत दिसेल, पण पोलाद मऊ पडलेलं असतं. दोन दिवस कापेल आणि तिसऱ्या दिवशी कापड चघळत बसेल, म्हाताऱ्या बैलासारखं.

निळूनं तरुणपणी तीन वर्षं हे चाक चालवलं आणि तीन वर्षांत बाजारातली निम्मी पाती निळी करून दाखवली. कारण काय, तर गडी हातमोजे घालून धार लावायचा. बोटाला चटका बसायला नको. पात्याला बसला तर ते थोडंच ओरडतंय! चौथ्या वर्षी बायकोनं त्याला बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतः चाकावर बसली. याला तीस वर्षं झाली. तिची रीत उघड्या हाताची. बोटांची पेरं पात्याच्या पाठीला लावलेली. पेराला गरम लागलं की पातं पाण्यात. टेकव, उचल, बुडव. टेकव, उचल, बुडव. निळूचं काम मग एकच उरलं, येणाऱ्याजाणाऱ्याला धार कशी लावावी ते समजावून सांगणं.

संगणक जावयाचा. नवा घेतल्यावर जुना फेकून द्यायला जीव होईना, म्हणून सासूला भेट दिला आणि लेकीच्या तोंडून वदवलं, "आई, तुझा वेळ जाईल." जसा काही तिच्याकडं वेळ पोत्यानं पडला होता. जावई संगणकाच्या क्लासमध्ये शिकवतो. शिकवतो म्हणजे पोरं आपली आपण शिकत असतात तेव्हा हा मागं हात बांधून उभा राहतो. त्याचा एक मंत्र आहे, "एका फटक्यात." एका फटक्यात शिका, एका फटक्यात पास व्हा. चार नोकऱ्याही त्यानं अशा एकेका फटक्यात सोडल्या. त्या संगणकात यानाचा हा खेळ आधीपासून पडून होता. रॉकेट बांधायचं, उडवायचं, ग्रहाभोवती फिरवायचं आणि जमलं तर परत आणायचं. जावयाला कधी जमलं नव्हतं. म्हणून तर खेळ पडून होता.

धारवालीची पहिली वीस-बावीस रॉकेटं जागच्या जागी आडवी झाली. मग एक उभं राहिलं. भर दुपारी बाजार पेंगत असतो, गिऱ्हाईक फिरकत नाही, त्या तासाभरात ती खेळायची. वर्षभरात तिचं यान चंद्रावर जाऊन आलं. चुकलं की मागं जाऊन पुन्हा करायची सोय त्या खेळात असते. तिनं ती पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकली. "घासलेलं पोलाद परत चिकटतं का?" म्हणाली.

खेळात आपल्या माणसांना नावं देता येतात. लांबच्या तांबड्या ग्रहावर धाडायला तिनं तिघं निवडले आणि नावं ठेवली: निळू, जावई, मास्तर. मास्तर म्हणजे बाजारातला शिंपी, त्याची ओळख पुढं येईलच. लेकीनं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, एवढ्या लांब हुशार माणसं पाठवतात ना गं?"

"हुशार इथं लागतात. ज्यांच्यावाचून अडत नाही त्यांना धाडायचं."

तिघं पोचले. उतरले, दगड गोळा केले, परत निघाले. जाताना अंदाजापेक्षा जास्त इंधन जळलं होतं. उरलेलं सगळं जाळून यानाचं तोंड घराकडं करायचं, एवढंच हातात राहिलं. ते नेमक्या घडीला करावं लागतं. आणि ती घडी आली ती गेल्या शुक्रवारी, दुपारी, खिळ्यावर मास्तरची कात्री टांगलेली असताना.

आता मास्तर. हा बाजारातला जुना शिंपी. मापाला चोख, जिभेला तिखट, आणि कौतुक करायची पाळी आली तर त्याला खोकला येतो. बाजारात अकरा शिंपी आहेत आणि अकराही जण कात्री कुठं टाकायची ते मास्तरला विचारून ठरवतात. धारवालीच्या भिंतीवर टांगलेल्या निम्म्याअधिक कात्र्या शिंप्यांच्या. मास्तरची कात्री त्याच्या बापाची, हातभर लांब, जड. शाळेच्या गणवेशांचे तागे येऊन पडले होते, म्हणून तो सकाळी ती देऊन गेला आणि संध्याकाळी न्यायला येणार होता.

धारवाली पडद्याकडं तोंड करून बसली होती. खेळ मधेच थांबवायचं बटण होतं. ते तिला त्या दुपारी आठवलं नाही. चूक कुठली असेल तर ही, आणि ती तिनं पुढं कुणापाशी कबूल केली नाही. निळूनं बायकोची पाठ बघितली. खिळ्यावरची कात्री बघितली. उठला. तीस वर्षं कुठं जपले होते देव जाणे, पण त्यानं हातमोजे काढले. मोटार सुरू झाल्याचं तिच्या कानावर आलं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही. यान वळलं, टाकी खडखडीत झाली, घराकडची रेघ जुळली. तिनं मान वळवली तेव्हा दोन्ही पाती टोकापासून स्क्रूपर्यंत निळीशार झाली होती.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

"जरा जास्त तापलं वाटतं," निळू म्हणाला.

तीस वर्षांत माणूस काही शिकला नव्हता, आणि जे येत होतं ते विसरलाही नव्हता.

संध्याकाळी मास्तर आला. कात्री उजेडात धरली.

"वहिनी, हे काय?"

"माझ्या हातून झालं."

नवऱ्याला वाचवायला ती असं बोलली असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तिला ओळखलं नाही. निळूनं केलं म्हटलं असतं तर लगेच दुसरा प्रश्न आला असता, मग तुम्ही कुठं होता? त्याला बाजारात सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. हात बिघडला तर बाजार हळहळतो. चाक सोडून पोरांचा खेळ खेळत बसलेल्या बाईच्या हातात कुणी चाकू देत नाही.

"गुरुवारी दुपारी कापड बेतायला घेणार आहे मी," मास्तर म्हणाला. "तोवर नीट झाली तर ठीक." नाही झाली तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. अकरा शिंप्यांना ते न सांगताच कळणार होतं.

जावयाला शनिवारीच कळलं. वाईट बातमी त्याच्याकडं आपोआप चालत येते. म्हणून रविवारी टेप.

"आई, हात थकला तर त्यात कमीपणा कसला?" तो म्हणाला होता. "इथं माझ्या क्लासची आठ टेबलं बसतात. मी बघितलं मोजून."

"आणि मी कुठं बसू? नवव्या टेबलावर?"

"आमच्याकडं," लेक म्हणाली. "घरी बस ना निवांत. हवा तेवढा खेळ तुझा खेळ. आई, मास्तरनी गुरुवारी कात्री घेतली नाही तर आवरून टाकूया. खरंच सांगते, मला बघवत नाही."

धारवालीनं कात्री उचलून खिळ्याला टांगली. "बरं," म्हणाली. "नाही घेतली तर आवरू."

तेवढं ठरलं आणि मग बोलणं यानावर आलं. बाकावर खुसखुसून झाल्यावर निळूनं विचारलं, "पण अगं, हवेला घासून यान थांबेल कसं?"

"चाकाला पातं टेकवतो तसं. घरच्या ग्रहावर सत्तर किलोमीटरपर्यंत हवा आहे. पन्नासवर ती नुसती चाटते, तीसवर चावते. यान जाताजाता हवेत बुडवायचं. थोडा वेग उतरतो. बाहेर निघालं की लांब जाऊन ओढीनं परत येतं. पुन्हा बुडवायचं. दर वेळी जरा कमी लांब जातं."

"एवढं कशाला?" जावई पुढं सरसावला. "वीसवर घाला. सगळा वेग एका फटक्यात जातो."

"आणि यान?"

"राहिलं तर राहिलं. नाहीतर चाळीस चकरा मारत बसा! थांबा, मीच करून दाखवतो क्लासमध्ये." त्यानं खेळाची आहे तशी नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, भिंत आणखी एकदा मोजली आणि लेकीला घेऊन गेला.

सोमवारी दुपारी लेकीचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. "आई, ह्यांनी मोठ्या पडद्यावर लावलं पोरांपुढं. म्हणाले, बघा, एका फटक्यात. अकरा सेकंद, आई! नुसता जाळ! आणि खाली अक्षरं आली, 'जावई मरण पावला.' पोरं विचारतात, सर, जावई कोण?"

"मग काय सांगितलं?"

"तास संपला म्हणाले."

धारवाली हसली नाही. तिच्यापुढं स्वतःची पंचाईत होती. हलका हात हा तिचा धर्म, पण पहिला हात हलका देऊन भागणार नव्हतं. लांबून आलेलं यान एवढ्या वेगात होतं, की हवेला नुसतं चाटून गेलं तर जावई म्हणाला तसं खरोखर पलीकडं निघून गेलं असतं. मोठ्या खड्याच्या खरबरीत चाकावरही तसंच असतं. पातं नुसतं टेकवलं तर घसरतं. पहिला हात धरावाच लागतो, सोडायचा कधी तेवढं कळलं पाहिजे. म्हणजे जावई निम्मा बरोबर होता, आणि याचा तिला त्या जाळापेक्षा जास्त राग आला.

यानाच्या बाजूला बारीक नळ्या होत्या, त्यांत चिमूटभर वायू शिल्लक होता. लांबून चिमूटभर ढकललं तरी इकडं पाच-दहा किलोमीटरचा फरक पडतो. तिनं सदतीस धरलं. सदतीसच का? कात्रीला चाकावर किती तिरकी धरता असं कुणी विचारलं तरी तिला सांगता येत नाही.

पाठीची ढाल पुढं केली. उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या मिटून घेतल्या. पडद्याच्या कडेला तापाची पट्टी असते, पिवळी होते, तांबडी होते. त्या पट्टीवर धारवालीचा विश्वास नव्हता. ती ज्वाळांच्या रंगाकडं बघत होती.

"निळ्या झाल्या तर?" निळूनं दारातून विचारलं.

"तुम्ही तोंड मिटा."

ज्वाळा नारिंगी झाल्या, पांढऱ्या झाल्या. एक पाटी नीट मिटली नव्हती, ती उडाली. पाठोपाठ संदेशाची दांडी वितळून गेली. ढालीचा लेप भराभर झिजत होता. तिची बोटं टेबलाच्या काठावर होती, पात्याच्या पाठीवर असतात तशी. मग ज्वाळा विझल्या, काळं आभाळ आलं. तिनं नकाशा उघडला. इतके दिवस एका टोकाला उघडी असलेली यानाच्या वाटेची रेघ बंद झाली होती. लांबच लांब, काकडीसारखी, पण बंद. यान आता कुठंही गेलं तरी घराकडंच वळणार होतं.

"धरलं," ती म्हणाली. खेळ थांबवला, बरोबर बटण दाबून, आणि चाकावर बसली.

त्यानंतरचे तीन दिवस असे गेले. कात्रीचा मधला स्क्रू काढून दोन्ही पाती सुटी केली. बारीक खड्याचं चाक. टेकव, उचल, बुडव. निळं झालेलं पोलाद पुन्हा कडक होत नाही, ते घासून काढूनच टाकावं लागतं. आणि काढताना पुन्हा तापलं तर खालचंही निळं व्हायचं. म्हणजे चाकाला मोजून एक श्वास लावायचं आणि पाण्यात तीन श्वास धरायचं. मधेच खाटकाची सुरी, न्हाव्याची कात्री. मधेच वेळ पळवायचं बटण दाबून यान लांबच्या टोकाला न्यायचं आणि परत आणायचं. पन्नासवर एक हात. पुन्हा एक. दर हाताला काकडी आखूड होत होती.

निळूला तिनं काम दिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. खेळ संथ चालू ठेवून ती चाकावर असायची. यान हवेजवळ आलं की त्यानं ओरडायचं, बस. "अगं, हवा आली!" तो एवढ्या जोरात ओरडायचा की समोरचा भांडीवाला दचकायचा. सहा वेळा त्यानं बरोबर सांगितलं. बुधवारी सातव्या खेपेला तो एका वाटसरूला विळ्याची धार कशी लावावी ते समजावत बसला. धारवालीनं ज्वाळांचा लखलखाट भिंतीवर पडलेला बघितला आणि धावली. यान हवेत आडवं घुसलं होतं, ढाल एकीकडं, जाळ दुसरीकडं. सरळ करेपर्यंत दोन पॅराशूटांतलं एक जळून गेलं.

"तुम्हाला नुसतं ओरडायचं होतं," ती म्हणाली.

"तो माणूस विळा चुकीचा धरत होता," निळू म्हणाला.

तिला वाईट वाटलं नाही. तिला फक्त आठवलं की त्या यानात हाच बसलाय, आणि एक पॅराशूट कमी झालं ते त्याच्याच कर्मानं. एवढा चोख न्याय तिनं घरात कधी बघितला नव्हता.

गुरुवारी दुपारी मास्तर आला. त्याच्या आधी जावई येऊन बसला होता, टेप खिशात, लेक शेजारी. यान शेवटच्या फेरीवर होतं. यावेळी ते बाहेर निघणार नव्हतं. तिनं खेळ थांबवला आणि कात्री मास्तरपुढं ठेवली.

मास्तरनं आधी ती कानाशी नेऊन उघडमीट केली. आवाज ऐकला. मग खिशातून पातळ कापडाची पट्टी काढली, बोट ओलं करून ती भिजवली आणि नुसत्या टोकानं कापली. शिंप्याची परीक्षा टोकाला असते. मधल्या पात्यानं कुणीही कापेल. पट्टी कापली गेली, एक धागा ओढला गेला नाही. त्यानं पुन्हा कापली. आणखी एकदा.

"पातं बारीक झालंय," मास्तर म्हणाला.

"जे गेलं होतं ते काढलं."

"वजन उतरलं."

"तुमचा हातही आता पूर्वीचा नाही, मास्तर. बरं पडेल."

मास्तरला खोकला आला. जावयानं खिशातली टेप बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली. मास्तरनं कात्री उजेडाला धरली, स्क्रूजवळ नखाएवढा निळा डाग राहिला होता त्याकडं बघितलं, आणि मग दाराकडं.

"काय निळूभाऊ, हातमोजे आहेत का अजून?"

निळूनं बाकावर जरा अंग चोरलं. त्याच्या मांडीखालून मोज्याचं एक बोट बाहेर डोकावत होतं.

"माझ्या बापाच्या कात्रीवर हा रंग मी दुसऱ्यांदा बघतोय," मास्तर म्हणाला. "पहिल्यांदा बघितला तेव्हा बाप तीन दिवस जेवला नव्हता. टोकापासून सुरू, मधे सगळ्यात गडद, स्क्रूपाशी संपला. दुसऱ्या कुणाला एवढं वाईट जमायचं नाही. मी शुक्रवारीच ओळखलं."

"मग शुक्रवारीच का बोलला नाहीत?" लेक उसळली. "आम्ही इथं दुकान आवरायला निघालो होतो!"

"ती म्हणाली माझ्या हातून झालं. खोटं बोलणाऱ्याला मी मधे थांबवत नाही. बघू म्हटलं, कुठवर नेते." मग तो धारवालीकडं वळला, आणि सहा दिवस ती ज्याला चुकवत होती तो प्रश्न शेवटी आलाच. "पण वहिनी, हा चाकावर बसला तेव्हा तुम्ही होता कुठं?"

धारवालीनं पदरानं हात पुसले. खोटं आता संपलं होतं. स्टुलाकडं बोट केलं.

"तिथं. यान वळवत होते."

मास्तरनं पडद्याकडं बघितलं. काळं आभाळ, निळसर ग्रह आणि त्यावर टेकायला आलेलं डबड्यासारखं काहीतरी. त्याच्या तोंडावर जे आलं ते लिहायला शब्द कमी पडतील. नासकं दूध हुंगलेल्या माणसाचं तोंड आठवावं.

"या वयात?"

"तुमचीच सोय बघत होते. तुम्हीही आत आहात."

"कोण?"

"तुम्ही. बघा, खाली नाव आहे. मास्तर."

मास्तर वाकला. चष्मा वर केला. वाचलं. "मला कुणी विचारलं होतं?"

"मलाही नाही विचारलं," जावई म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून चार वर्षांत निघालेलं हे पहिलं समजूतदार वाक्य.

"आता हे जळणार का?"

"एक पॅराशूट जळलंय. दुसरं आहे. ढालीचा लेप थोडा उरलाय." तिनं खेळ चालू केला. "तीन किलोमीटरवर तो मोठा चौकोन दाबायचा. आधी दाबलात तर पॅराशूट फाटेल. नंतर दाबलात तर तुम्ही."

"कोण दाबणार?"

"तुम्ही. माझं काम पडलंय."

तेवढ्यात न्हावी दारात आला होता, हातात वस्तरा, त्याला लगेच हवा होता. धारवाली चाकाकडं गेली. मास्तर स्टुलासमोर बसला, बापाची कात्री मांडीवर. मागं जावई उभा, हात बांधून, त्याच्या रोजच्या जागी. कात्री घेतली की नाही हे मास्तरनं शेवटपर्यंत तोंडानं सांगितलं नाही, पण ती त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही, आणि ते दुकानात सगळ्यांनी बघितलं. लेकीनं नवऱ्याच्या खिशातून टेप काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

मोटार सुरू झाली. पडद्यावर जाळ पेटला.

"दाबू का?" मास्तर ओरडला.

"किती किलोमीटर?"

"बारा!"

"मग कशाला दाबताय?"

"एका फटक्यात..." जावयानं सुरुवात केली.

"तू गप रे!" मास्तर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. धाग्याएवढ्या चुकीवरून हाताखालच्या पोरांना हाकलून देणारा माणूस, डबड्यातल्या स्वतःच्या नावासाठी बोट अधांतरी धरून बसला होता. निळू बाकावरून उठून दारात आला, आत यायची हिंमत होईना. मोजे त्यानं हातात घट्ट धरले होते.

वस्तऱ्याच्या पाठीवर तिची पेरं होती. टेकवला. उचलला. बुडवला. पाणी चर्र वाजलं नाही, म्हणजे तापला नव्हता.

"उघडलं!" मास्तर ओरडला. "उघडलं! खाली चाललंय... डोंगर आहे खाली, वहिनी... आपटलं! लोळतंय! लोळतंय अजून..." मग तो पडद्यावर वाकला. "थांबलं."

"किती जण?" तिनं चाकावरून मान न उचलता विचारलं.

मास्तर वाचू लागला. "मास्तर, आहे. निळू... आहे."

"जावई?"

"आहे."

"बरं," धारवाली म्हणाली, आणि वस्तऱ्याची दुसरी बाजू चाकाला टेकवली.